गिऱ्हाईक नेमकं कोणामुळे आलं

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा. सकाळचे अकरा.

आजपासून रोजनिशी. आजचा दिवस आमच्या दुकानाच्या इतिहासात नोंदवला जायला हवा आणि घरात दुसरं कोणी नोंदवणार नाही.

पूजा झाल्यावर बाबांनी जाहीर केलं की गुडघे आता चालत नाहीत. मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रांचा, सीझन संपला की ते गादीवरून उतरणार. सांगताना बघत होते दामिनीकडे. दामिनी माझी धाकटी बहीण. दहावीपासून दुकानात बसते म्हणून तिला वाटतं तिला दुकान कळतं. मी एकतीस वर्षांचा, इंजिनिअर, पुण्यात चार वर्षं मोबाइल ॲप केलेला माणूस. कंपनीने मार्चमध्ये मला जाऊ दिलं. मी तसाही जाणारच होतो.

मी शांतपणे सांगितलं की लाखनीच्या हायवेवरचं कापडाचं दुकान असो नाहीतर परदेशातली कंपनी असो, आजकाल निर्णय डेटावर होतात. कोणामुळे किती गिऱ्हाईक आलं ते मोजा आणि मग ठरवा. बाबांनी कुंकवाचं बोट पुसलं आणि म्हणाले, "ठीक आहे. जो गिऱ्हाईक आनन त्याची गादी. तीस नोव्हेंबर." बाबा एकदा बोलले की बोलले. दामिनी साड्यांच्या घड्या करत होती. एक घडी मोडून पुन्हा केली. घाबरली असावी.

संकल्प: सात दिवसांत ॲप तयार. रोज सकाळी सहाला उठणे.

५ ऑक्टोबर, रविवार. ११.४०

उशिरा उठलो. रात्रभर डोक्यात आर्किटेक्चर चालू होतं, तेही कामच.

ॲपचं नाव ठरलं: 'कोणामुळे'. लोगोला दोन दिवस गेले. पाया पक्का हवा.

रचना लिहून ठेवतो, उद्या कोणी चोरली तर पुरावा. माझ्या जाहिरातीच्या रीलखालच्या लिंकला खूण 'अ'. दामिनीच्या लिंकला खूण 'द'. लिंक उघडली की दुकानाचं वेबपेज. तिथे गिऱ्हाईकाने मोबाइल नंबर टाकून बटण दाबलं की ते दाबल्याची बातमी दुकानातल्या फोनवरच्या ॲपला येते. याला वेब ट्रिगर म्हणतात. बातमीत तीन गोष्टी: कोण, केव्हा, कोणाच्या लिंकवरून. पुढे तेच गिऱ्हाईक खरेदीला आलं की बिल करताना त्याचा नंबर टाकायचा, ॲप जुळवाजुळव करतं आणि श्रेय देतं.

दामिनीला समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे बाई कोनामुळे आली हे फोन सांगन? मले तं बाया सोताच सांगतेत." मी नुसता हसलो.

९ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारचे चार.

सात दिवस झाले. ॲप नव्वद टक्के तयार. ट्रिगर येत नाही, तेवढं सोडलं तर सगळं चालतं.

वेबपेज म्हणतं पाठवला. ॲप म्हणतं मिळाला नाही. दोघांच्या मध्ये मी सकाळपासून बसलोय. आई म्हणाली चक्कीवरून पीठ आण. मी सांगितलं, मी प्रॉडक्शनमध्ये आहे. ती म्हणाली, "तिथून येताना आन." पीठ दामिनीने आणलं.

निकेशला फोन केला. निकेश माझा कॉलेजचा मित्र, नागपूरला एका कंपनीत आहे. म्हणजे अजून नोकरीच करतो. त्याने विचारलं फोनचा बॅटरी सेव्हर चालू आहे का. होता. फोन स्वतःची बॅटरी वाचवायला माझ्या ॲपला झोपवून ठेवत होता. बॅटरी सेव्हर बाबांनी लावलेला. म्हणजे दोष कोडमध्ये नव्हता, हे सिद्ध झालं.

१२ ऑक्टोबर, रविवार.

ट्रिगर आला. पहिला. दुकानात उभ्याउभ्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळपर्यंत सतरा. सतराही मीच, टेस्टिंग करताना. पण यूजर तो यूजर.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. १२.१०

नवीन अडचण. जे गिऱ्हाईक कुठलीच लिंक न बघता सरळ आत शिरतं त्याचं काय? त्याच्या नावासमोर कोरी जागा येते आणि कोरी जागा दिसली की ॲप बंद पडतं. आज सकाळी सहा वेळा पडलं. लोक असे न सांगता दुकानात येतातच कसे, हा खरा प्रश्न आहे.

निकेश म्हणाला, "माहीत नाही म्हनून एक खाना ठेव ना बे." तो कंपनीच्या चौकटीत विचार करतो. मी खोलात गेलो. लिंक न बघता आलेला माणूस शेवटी येतो कशामुळे? वातावरणामुळे. गेल्या दोन आठवड्यांत दुकानाभोवती डिजिटल वातावरण कोणी तयार केलं? मी. म्हणून एक ओळ लिहिली: जागा कोरी असेल तर 'अ'.

तात्पुरती आहे. ॲप पडू नये म्हणून.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन. दुपार.

दिवाळीचा हिशोब. आजवर चौऱ्याण्णव गिऱ्हाईक. 'अ' एक्क्याण्णव, 'द' तीन.

मला कल्पना होती, पण इतकी नाही. दामिनी लिंक सहसा वापरतच नाही. साडीचा फोटो काढते, ओळखीच्या बायांना पाठवते, फोटोखाली आवाज रेकॉर्ड करून सांगते की ताई, तुमच्या सुनेच्या रंगाले हे उठून दिसन. याला मार्केटिंग म्हणत नाहीत, गप्पा म्हणतात. तिचं वाईट वाटलं. जेवताना आकडे मोठ्याने वाचून दाखवले, पण सौम्य आवाजात.

बाबांनी फोन मागितला आणि चष्मा लावून यादी वाचायला लागले. पहिलंच नाव गोदावरीबाई, एकोडी. वय अठ्ठ्याहत्तर. बाबा म्हणाले, "हिच्यापाशी फोन नाही. बिलात लेकाचा नंबर देते. हे तुयी रील पाहून आली?" मी म्हणालो डेटा तसं सांगतो. बाबांनी बोट खाली नेलं. "आन हा ट्रकवाला? हा तं रायपूरचा रस्ता पुसाले आल्ता. ऊन लागलं म्हनून डोक्याले बांधाले दुपट्टा घेतला." मी म्हणालो माणूस नकळत प्रभावित होतो, त्यालाही कळत नाही. बाबांनी भात वाढून घेतला. मग म्हणाले, "गिऱ्हाईकालेच पुसून घे ना बावा. मी तं पैले तेच पुसतो, कोनत्या गावचे, कोनाचे."

अनुभवी लोकांच्या सूचनांचा आदर करायचा असतो. मी लगेच मान्य केलं. गिऱ्हाईक स्वतः सांगेल. मग तर तीनही राहणार नाहीत.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.

नवं व्हर्जन. दुकानाच्या दारात टॅब. टॅबवर वेबपेज, पेजवर दोन फोटो. ज्याच्यामुळे आलात त्याचा फोटो दाबा, की ट्रिगर. वरती 'पसंत असल्यास फोटो दाबा' असं मोठ्या अक्षरात. म्हणजे दुकानाची सेवा पसंत असल्यास. तेवढं लिहायला जागा नव्हती.

माझा फोटो पुण्यातल्या स्टुडिओतला, ब्लेझरमधला. दामिनीने फोटो दिला नाही, म्हणून तिच्या आधार कार्डावरचा घेतला. माझा थोडा मोठा आहे आणि वरती आहे, कारण नावं अक्षरक्रमाने लावलीत. फोटोखाली विश्वास वाटावा म्हणून माहिती: अश्विन, वय ३१, बी.ई., निर्व्यसनी, पुण्याचा अनुभव. संपर्क म्हणून आईचा नंबर दिलाय. माझा सारखा बिझी असतो.

दामिनीने पेज पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "दादा, मंडईच्या दिवसात हे असं लावतं?" म्हणजे तिला पटलं की टायमिंग अचूक आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार. एकोडी. सायंकाळचे साडेपाच.

एकोडीची मंडई. टॅब घेऊन स्वतः आलो. फील्डवर उतरल्याशिवाय प्रॉडक्ट कळत नाही. डोमाच्या वड्याच्या दुकानाशेजारी टेबल लावलं. दामिनीही आली होती, पण आल्या आल्या गोदावरीबाईंच्या घरी सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, खायला गेली आणि तिथून चार घरं हिंडत बसली. मंडईला घरोघर लेकी-जावई, पाव्हण्यांनी घर भरलेलं, आणि ही त्यांच्यात बसून चहा पितेय. स्पर्धेचं गांभीर्य नाही.

माझ्या टेबलावर ही गर्दी. बहुतेक पन्नाशीच्या बाया, बरोबर एखादी तरुण मुलगी, तिला मात्र मागे उभं ठेवलेलं. नेट हळू होतं, म्हणून एकेक बाई दहा-दहा वेळा फोटो दाबत होती. आणि प्रश्न विचारत होत्या. इतकं खोल एंगेजमेंट मी पुण्यातही पाहिलं नाही.

एका आजींनी विचारलं, "धान किती एकर आहे?" मी समजावलं की आमचं सगळं क्लाउडवर असतं, जमिनीवर आम्ही काही ठेवत नाही. त्या शेजारणीला म्हणाल्या, "शेती नाही वाट्टे." दुसरीने विचारलं घरी कोण कोण आहे. मी म्हणालो टीम छोटी आहे, सध्या सगळं मी एकटाच बघतो. तिने डोळ्याला पदर लावला. तिसरीने मला उभं राहायला सांगितलं, मग थोडं चालून दाखवायला सांगितलं. यूजर रिसर्च आपोआप होतोय. मी चाललो.

डोमा वडे तळता तळता सारखा हसत होता. शेजारच्याचं यश बघून माणसाला बरं वाटतं, गावात हे अजून शिल्लक आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार.

'अ' दोनशे बारा. 'द' नऊ. एका बाईने एकटीने चौदा वेळा माझा फोटो दाबलाय. अशा एकनिष्ठ गिऱ्हाईकावरच ब्रँड उभे राहतात.

निकेशला स्क्रीनशॉट पाठवला. तो म्हणाला चौदा ट्रिगर एकाच मिनिटातले आहेत, नेट अडकलं म्हणून बाईने पुन्हा पुन्हा दाबलं, तू प्रत्येक वेळी नवीन धरून राहिला. प्रत्येक ट्रिगरला आपला वेगळा नंबर दे, तोच दुसऱ्यांदा आला तर टाकून दे. शिवाय म्हणाला, "आन यातल्या किती जनीनं खरेदी केली बे?"

काही मित्र आपली प्रगती सहन करू शकत नाहीत. त्यांच्याशी वाद घालायचा नसतो. संकल्प: निकेशला आठवडाभर फोन न करणे.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळ.

आईचा फोन सकाळपासून वाजतोय. एकोडी, पिंपळगाव, साकोली, परत एकोडी. आईचा चेहरा खुललेला. मी म्हणालो ऑर्डरी लिहून घे. ती म्हणाली, "ऑर्डरी कायच्या? तुयी चौकशी करून राहिले."

थोडा वेळ लागला समजायला. मंडईला सोयरिकी जमतात हे मला माहीत आहे. लहानपणापासून माहीत आहे. पाव्हणे येतात, पोरं पाहतात, पोरी दाखवतात. पण वेबपेज करताना माणूस ग्लोबल विचार करतो. त्या बायांनी फोटो पाहिला, वय पाहिलं, बी.ई. पाहिलं, निर्व्यसनी पाहिलं, आणि पसंत असल्यास दाबलं.

दामिनी गल्ल्याच्या मागे बसून रडत होती. जवळ गेलो तर हसत होती.

तांत्रिकदृष्ट्या ट्रिगर बरोबर आहे. बटण दाबलं, बातमी आली. बाईच्या मनात काय होतं ते पेलोडमध्ये, म्हणजे त्या बातमीत, येत नाही. आणि आवड ही आवडच असते. 'अ' चे आकडे तसेच ठेवतो.

८ नोव्हेंबर, शनिवार.

चार स्थळांनी नंतर फोन केला नाही. पाचव्यांनी केला. त्यांना आईने खरं सांगितलं की पोरगा घरूनच ॲप करते. पलीकडची बाई म्हणाली, "हो, पन काम काय करते?" आईने विषय बदलून साड्यांवर नेला. मग त्या बाईने दामिनीचा नंबर घेतला आणि दुपारी सुनेला घेऊन तीन साड्या घेऊन गेली.

मला लग्न करायचंच नव्हतं. तरी दिवसभर जरा जेवण गेलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. सायंकाळचे सहा.

निकेश आला. मला भेटायला आला असं वाटलं, पण आईसाठी आंधळगावच्या कोसा रेशमाची साडी घ्यायची होती. दामिनीने अकरा साड्या उघडून दाखवल्या. मग बाबांनीच त्याला सांगितलं की याचं ॲप एकदा पाहून दे, मले आकडे समजत नाही.

मी लॅपटॉप दिला. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. ती एक ओळ मी विसरलो होतो. निकेशला ती चार मिनिटांत सापडली. बाबांच्या समोर मोठ्याने म्हणाला, "अबे, हे काय लिहून ठेवलं? ज्याचं कोनी नाही तो अश्विनचा?" मी सांगितलं तात्पुरती आहे. बाबांनी चष्मा काढून पुसला.

त्यानंतर निकेशने तासभर बसून सगळं साफ केलं. कोरी जागा कोरीच राहील. एक ट्रिगर एकदाच मोजला जाईल. फोटोवाला टॅब बंद. फक्त ज्याने खरेदी केली त्याचंच श्रेय, आणि खरेदीआधी शेवटची जी लिंक उघडली असेल तिला. हा शेवटचा नियम माझा. मी आग्रहाने टाकला, कारण माझी रील रोज येते. रोज येणाऱ्या माणसाचीच लिंक शेवटची असणार, साधं गणित आहे. मोजणी उद्यापासून नव्याने. जुनं सगळं पुसलं.

मी आणखी एक अट घातली. तीस तारखेला बरोबर सहा वाजता ॲपने निकाल आपोआप घरच्या ग्रुपवर पाठवायचा आणि तोपर्यंत नियमाला कोणी हात लावायचा नाही. पासवर्ड निकेशकडे. दामिनीने काही गडबड करू नये म्हणून. बाबा म्हणाले, "तुले चालन ना नक्की?" मी म्हणालो डेटा खोटं बोलत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार.

दामिनीने विचारलं की तिची 'द' लिंक फोटोखाली कशी लावायची. शिकवलं. दोन मिनिटांत शिकली. प्रतिस्पर्ध्याला बळ द्यायला मोठं मन लागतं. माझं आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

रीलला अकरा हजार व्ह्यूज! कोशाच्या साडीवर ड्रोन फिरतोय असं वाटावं असं शूट केलं, खरं तर पंख्याला फोन बांधला होता. एकदा पडला.

व्ह्यूज कुठून आले ते पाहिलं. पाटणा, जयपूर, सुरत, शिवाय नेपाळ. भंडारा जिल्ह्यातून चार. त्यातले दोन मी. म्हणजे पोहोच राष्ट्रीय आहे, किंबहुना त्याही पुढची. लाखनी मागे आहे, त्याला मी काय करणार.

दामिनीने आज काय केलं? एका बाईला साडीचा फोटो पाठवला. त्या बाईने जावेला पाठवला, जावेने माहेरी पाठवला. 'द' लिंक तशीच खाली लटकत गावोगाव फिरतेय. याला मेहनत म्हणता येणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. ११.००

जरा काळजी वाटते. काळजी हा चुकीचा शब्द आहे. परिस्थितीचा आढावा घेतोय.

इथली माणसं साडी बघितल्या बघितल्या घेत नाहीत. आधी बघतात, मग लेकीला विचारतात, लेक सासूला विचारते, मग परत एकदा फोटो उघडून रंग बघतात, आणि मग येतात. त्या परत एकदा उघडण्यात घोळ आहे. परत उघडतात तो फोटो दामिनीचा असतो. रील कोणी परत उघडत नाही.

आईला म्हणालो, तू तरी माझ्या लिंकवरून एक साडी घे. तिने घेतली. बिल केलं तर 'द'. विचारलं तर म्हणाली, "तुयी लिंक उघडली होती रे. मंग काठ नीट पाहाले दामिनीची उघडली."

नियम थोडा सुधारायला हवा. शेवटच्या लिंकऐवजी पहिली लिंक जास्त शास्त्रीय आहे. निकेशकडे पासवर्ड मागितला. त्याने हसण्याचे सहा चेहरे पाठवले. मग एक साधं वाक्य: "हातच लावाचा नाही, असं तूच म्हनला होता." स्वतःच्या ॲपमध्ये मला शिरता येत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार.

दिवसभर एकच विचार. हे ॲप आजपर्यंत एकदाही वेळेवर चाललेलं नाही. दसऱ्यानंतर झोपलं. दिवाळीआधी पडलं. मंडईत अडकलं. उद्या सहा वाजता ते चालेल याची काय खात्री? निकाल आला नाही तर स्पर्धा रद्द धरावी लागेल, तोच न्याय आहे.

दुकानातल्या फोनचा बॅटरी सेव्हर चालू करायचं मनात आलं. फोन हातातही घेतला. दामिनीने विचारलं, "काय पाह्यजे दादा?" म्हणालो वेळ बघत होतो. भिंतीवर घड्याळ आहे.

३० नोव्हेंबर, रविवार. ६.२०

सहा वाजता, सेकंदही पुढेमागे नाही, चार फोन एकदम वाजले.

'द' एकशे सदुसष्ट. 'अ' एक. कोरे चाळीस.

तो एक म्हणजे वडेवाला डोमा. एकोडीत मी टेबलावर विसरलेला टॅबचा स्टँड परत द्यायला काल आला होता. बसल्या बसल्या माझी रील त्याला मीच दाखवली, लिंकही दाबायला लावली, आणि जाताना त्याने दुपट्टा घेतला. मला वाटतं कीव आली म्हणून घेतला.

दोन महिन्यांत ॲप पहिल्यांदा कुठेही न अडकता चाललं. एक ट्रिगर हरवला नाही, एक दुबार मोजला गेला नाही. कुठल्याही मुलाखतीत अभिमानाने दाखवावं असं काम आहे. आणि त्याने मला गादीवरून उठवलं. म्हणजे मी कधी बसलोही नव्हतो.

बाबांनी किल्ल्या दामिनीच्या हातात दिल्या. माझ्याकडे वळून म्हणाले, "ॲप मस्त बनवलं तू. बरोबर सांगते." टोमणा असता तर बरं झालं असतं. ते मनापासून म्हणाले. दामिनी जिंकल्यावर हसेल असं वाटलं होतं, तीही हसली नाही. म्हणाली, "ॲप चालू राहू दे दादा. कामाचं आहे. आन तूही ये सकाळी. मानूस कमी पडते."

वाईट वाटलं. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. फार वाईट वाटलं. ती माझ्यापेक्षा चांगली आहे हे तिला दहावीपासून माहीत असावं, बाबांनाही. मला आज सहा वाजता कळलं, तेही मीच लिहिलेल्या मेसेजवरून.

३ डिसेंबर, बुधवार. १.३०

जेवणाची सुट्टी. वीस मिनिटं. नवीन मालकिणीने ठरवलेली.

माझं काम: साड्या उघडणे, दाखवणे, घड्या करणे, आणि बाई नुसतं बघून तयार होत नसेल तर साडी स्वतःच्या अंगावर लावून उभं राहणे. सकाळी मोरपंखी कोसा लावला. निऱ्या काढल्या, पदर खांद्यावरून पुढे घेतला. दामिनीने फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. मी पदर सावरला. नोकर माणूस काय बोलणार.

साडेबारापर्यंत सात बाया आल्या. सातही जणी म्हणाल्या, "थो पोरगा नेसून उभा आहे ना, थेच दाखवा." एकीने तर माझ्या अंगावरचीच सोडवून बांधून घेतली. दामिनीने आतून त्याच रंगाच्या आणखी सहा काढल्या, सातही गेल्या.

सात गिऱ्हाईकं. खरीखुरी, भंडारा जिल्ह्यातली, पैसे देणारी, आणि निव्वळ माझ्यामुळे आलेली. याबद्दल कोणाचंच दुमत नाही, दामिनीचंही नाही. डबा तसाच ठेवून आधी ॲप उघडलं.

सातही ट्रिगर आलेत. वेळ बरोबर, नंबर बरोबर. सातही 'द'. फोटोखाली लिंक तिची होती.

निकेशला फोन लावला, म्हणालो यात बग आहे. त्याने नीट पाहिलं. म्हणाला, "बग नाही. नियम तुयाच आहे, शेवटची लिंक."

एक पन्नास झाले. साकोलीच्या बाया आल्यात, दामिनी हाक मारतेय. जांभळी नेसून दाखवायची आहे.